परक्या हातचा नमुना

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सरकारी दवाखान्यात नमुने गोळा करतात. कोणी विष खाऊन गेला, कोणी पिऊन गाडी ठोकली, की रक्त, लघवी, वेळ आलीच तर पोटातले तुकडे त्यांच्या बरण्यांत जातात. तुकड्यांच्या बरणीत मिठाचं पाणी, पण वायू धरून फुटू नये म्हणून वरचा तिसरा हिस्सा रिकामा. झाकणावर दोरी, गाठीवर लाख, लाखेवर शिक्का. सवय अशी जडलीय की घरच्या साखरेच्या डब्यातही ते वर जागा सोडतात. त्यांनी केलेला चहा पाहुणे आधी हुंगतात आणि भाऊजींना वाटतं, वास आवडला.

मी शाळेची बस चालवतो. गेल्या वर्षी ब्रेक निकामी झाला आणि बस शाळेच्याच भिंतीवर चढली. आत पोरं नव्हती, हे नशीब. पण धुरळा खाली बसायच्या आत 'ड्रायव्हर प्यायलेला होता' हे सगळीकडे झालं. रक्तात दारू निघाली तर नोकरी आणि लायसन्स दोन्ही जाणार. पोलिसांनी मला नेलं ते थेट भाऊजींच्या खोलीत. मला हायसं वाटलं. घरचाच माणूस.

घरच्या माणसाने सुई खाली ठेवली. "हा माझा मेहुणा. मी हात लावणार नाही. दुसऱ्या दवाखान्यातून कुणाला तरी बोलवा." आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

ताई धावत आली. "सख्खा मेहुणा आत बसलाय आणि तुम्ही इथे? लाज कशी वाटत नाही?"

शेवटी एक अनोळखी बाई आल्या. स्पिरिटमुळे दारूचा घोळ नको म्हणून त्यांनी माझा हात साबणाने धुतला, रक्त घेतलं, आतलं औषध मिसळावं म्हणून नळी हळूच उलटीसुलटी करून शिक्का मारला. ताईने नवऱ्याशी अबोला धरला. मीही मनातून धुमसत होतो, खोटं कशाला बोलू.

रिपोर्ट स्वच्छ आला. चौकशीत शाळेचा वकील ऐटीत उठला, "रक्त यांच्या भाऊजींनीच घेतलं ना?" बाई म्हणाल्या, "मी घेतलं. यांना त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं." वकील खाली बसला. मला बस परत मिळाली.

घरी आल्यावर मी भाऊजींना छेडलं, "आणि मी खरंच प्यायलेला असतो तर?"

"तर मीच घेतलं असतं. भाऊजीच्या हातचा नमुना पुरावा म्हणून कुणी धरला नसता, तू आपोआप सुटला असतास."

थट्टा होती की खरं, ताकास तूर लागू दिली नाही. पण मला एकदम जाणवलं. इन्स्पेक्टरने विचारलं होतं, हेडमास्तरांनी विचारलं होतं, ताईनेही हळूच विचारलं होतं, "घेतली होतीस का रे?" भाऊजींनी ते मला एकदाही विचारलं नव्हतं.