ताणून तोडायची शेड

आमच्या शेडमध्ये तुटलेला नमुना फेकायचा नसतो. चिठ्ठी बांधून गोणीत टाकायचा. दोन उन्हाळ्यांत पाच गोण्या भरल्या. आणि किस्से? त्यांना चिठ्ठ्या बांधायला वेळ कोणाला आहे!

कारंज्यातल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये आम्ही तिघं. नागपूरचे साहेब, कामरगावहून एस.टी.नं येणारे किसनभाऊ आणि नुकतीच बी.एस्सी. झालेली मी. कोळशाच्या खाणीत छताचे दगड सुटून माणसांवर पडू नयेत म्हणून दगडांवर रेझिनचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनाचा, पातळ थर चढवायचा, ही साहेबांची कल्पना. त्या थराचे नमुने करायचे आणि ताणून तोडून पाहायचे, हे आमचं काम. खाणीचे अधिकारी येऊन पास म्हणाले तर शेड चालू. नाहीतर शेडला कुलूप, आणि मी आसेगावला बाबांसमोर बी.एड.चा फॉर्म भरत!

*

पहिलीच टेस्ट. रेझिनची पट्टी मशीनमध्ये अडकवली. किसनभाऊ चाक फिरवणार, आणि पट्टी तुटताना काटा कुठे होता ते मी लिहिणार.

फाट्!

मी किंचाळले आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले. साहेब धावत आले. "रीडिंग किती?"

"कोनाचं सांगू, साहेब?" किसनभाऊ म्हणाले. "पट्टी मांगून तुटली. बाई आंदीच तुटल्या!"

*

रेझिन घोटताना हवेचा बुडबुडा राहिला की पट्टी नेमकी तिथे तुटते. मी अर्धा तास शास्त्र समजावलं.

"म्हंजे पिठल्यात गुठळी चालत नाई, तसं!" किसनभाऊ म्हणाले. "मंग सरळ सांगा ना बाई! कायले एवढं कालेज काढून राह्यल्या?"

त्यांच्या पट्टीत एकही बुडबुडा नव्हता. माझ्या पट्टीत चार.

*

पिवळे पातळ थर आम्ही दोरीवर टांगून सात दिवस वाळत ठेवायचो. शेजारच्या काकू एकदा दारातून बराच वेळ बघत होत्या.

"कायचे पापड व्हय वो, पोरी? उडदाचे तं नाई दिसत."

मी दचकून खरं ते सांगून टाकलं. "खाणीच्या छताला लावायचे आहेत."

काकू निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की नागपूरवाला साहेब पापड छताला चिकटवतो!

*

मे महिन्यात मी पुस्तकातल्या मापानं रेझिनमध्ये ते कडक करणारा हार्डनर घातला. पुस्तक थंड देशातलं, ऊन कारंज्याचं! डब्यातून धूर निघाला आणि मी "आग! आग!" करत रस्त्यावर. परत आले तर डब्यातलं सगळं दगड झालेलं, आणि ढवळायची काठी त्यात उभी.

साहेबांनी काठी उचलली. डबाही वर आला.

"मजबूत आहे," ते म्हणाले. "आता हा खाणीत फासायचा कसा, तेवढं सांगा."

*

एक दिवस ट्रंक कॉल आला आणि दुसऱ्याच दिवशी खाणीचे अधिकारी हजर.

त्यांना पट्टी नको होती. थर दगडाला किती घट्ट धरतो ते बघायचं होतं. दगडावर थर, थरावर चिकटवलेली लोखंडी चकती. ती ओढायची. थर दगडावरून सुटला की आम्ही नापास. किसनभाऊंनी चाक फिरवायला सुरुवात केली. काटा चढत गेला.

खाड्!

दगडाचाच टवका निघून आला. थर टवक्याला घट्ट चिकटलेला. म्हणजे थर जिंकला, दगड हरला! मला ते कळलं होतं, पण मी खाली मान घालून वहीत काट्याचा आकडा लिहीत राहिले.

"फुटला की हो!" अधिकारी गरजले. "चूक कोणाची?"

साहेब घाम पुसायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे बी.एड.चा फॉर्म.

"तुमची," किसनभाऊ म्हणाले.

"काय?"

"थर बाईनं केला, तो सुटला नाई. दगड तुमच्या खानीतून आला, तोच कच्चा निंगाला. असा दगड मानसायच्या डोक्यावर ठेवता व्हय तुमी?"

अधिकाऱ्यांनी तो टवका हातात घेतला, उलटा केला, नखानं थर उचकटून पाहिला. मग आमच्या साहेबांकडे वळले.

"सही कुठे करायची?"