बळदातला स्फटिक

प्रयोग फसला की बाई पदराला हात पुसायच्या आणि म्हणायच्या, "परत करू." बाई मूळच्या रशियन. तिकडंच घन पदार्थांच्या भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून, थर्मल वीजकेंद्रातल्या इंजिनिअरशी लग्न करून त्या परळीत आल्या. मी रसायन शिकवायचो त्याच कॉलेजात त्या शिकवू लागल्या. मराठी शिकल्या शेजारणींकडून. त्यामुळे वर्गात "स्फटिक लई हट्टी हाय" असं ऐकू यायचं आणि पोरं तेच उतरवून घ्यायची!

एका वर्षी एम.एस्सी.च्या तिघींना प्रकल्पासाठी मोठा, नितळ स्फटिक वाढवायचा होता. घरचे पुण्याला पाठवायला तयार नव्हते. इथं जमलं नाही तर शिक्षण संपलं. क्षाराच्या दाट द्रावणात दोऱ्याला कण टांगायचा आणि वाट पाहायची, एवढंच काम. पण त्याला ऊन-गारवा एकसारखा लागतो, धूळ चालत नाही. आणि आमच्या गावात तर थर्मलच्या राखेला सुट्टी नाही.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तयार मागवा ना."

"मग पोरी काय शिकतील?"

एकदा त्या माझ्या चुलतीकडे जेवायला आल्या. घर धाब्याचं, भिंती हातभर जाड, भिंतीतच ज्वारी साठवायचं बळद. बाईंनी जेवण सोडून बळदात हात घातला. आत गार.

"काकू, इथं माझी बरणी ठिवू का?"

"ठिवा की. ती काय ज्वारी खाती व्हय?"

स्फटिक बोराएवढा झाला. मग एका सकाळी चुलतीनं बरणीतलं पाणी शिळं झालं म्हणून ओतलं आणि ताजं भरलं. स्फटिक साखरेसारखा विरघळला.

"म्या लई वाईट केलं, बाई," चुलती रडायला लागली. परीक्षा तोंडावर आलेली. त्यांच्या जागी मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. बाई रिकाम्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. मग चुलतीजवळ बसल्या. "काकू, आता राखण तुमी करायची." त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला.

दुसरा स्फटिक लहानच झाला, पण नितळ. परीक्षकांनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. तिघी पास झाल्या. पुढं दरवर्षी बळदात कुणा ना कुणा पोरींची बरणी असायची.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. अंत्यविधीहून आम्ही चुलतीकडे आलो. घरचं माणूस गेलं की भरलेलं पाणी ओतून द्यायची आमच्यात रीत आहे. चुलतीनं हंडे, कळशा, रांजण, सगळं अंगणात रिकामं केलं. मी बळदाकडे पाहिलं.

"त्ये न्हाई," डोळे पुसत ती म्हणाली. "पोरींची परीक्षा हाय."