ओळखा पाहू आवाज

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या अंगणवाडीत मी बाई आहे. वरून हुकूम आला, लेकरांना मोबाईलवरून शिकवा. ज्यांना धड नाक पुसता येत नाही, त्यांना मोबाईलवर शिकवू काय, कपाळ? पण नोकरी आहे ना! आयांना निरोप टाकला : घरातला एखादा आवाज लेकरालाच रेकॉर्ड करू द्या, मला पाठवा, उद्या वर्गात ओळखायचा खेळ. सोळा आवाज आले. मी एकही न ऐकता सगळ्यांना शाबासकीच्या चांदण्या पाठवल्या. तिथंच माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी स्पीकर लावला. मिक्सर, बकरी, बोअरची मोटर. लेकरं नुसती उड्या मारत होती. मग चार वर्षांच्या एका पोरीनं रेकॉर्ड केलेला आवाज लागला. धप्. धप्.

"कपडे धुऊन राहिले!" एक पोट्टा ओरडला.

"हट्! हुकला!" पोरगी टाळ्या पिटत उठली. "बाबा आईले मारून राहिले!"

कोणालाच ओळखता आलं नाही म्हणून केवढी खूश होती ती, माय! तेवढ्यात स्पीकरमधून तिच्या आईची किंकाळी फुटली. मी झटक्यात बंद केलं.

बाप कोपऱ्यावर भाजीची गाडी लावतो. अंगणवाडी सुटायच्या आत त्याच्या कानावर गेलं. तो आला तो थेट पोरीची वेणी धरून. "घरातलं बाहेर काढतं काय व?" म्हणून अशी थोबाडीत दिली की ती डब्यांवर जाऊन आदळली. ओठ फुटला. माझं डोकं फिरलं. खिचडीच्या गंजातली पळी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली, गरम खिचडीसकट. मग आणखी दोन. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. त्यानं माझा मोबाईल ओट्यावर आपटून फोडला, माझ्या पोटात लाथ घातली. गल्लीतल्या लोकांनी त्याला ओढून नेलं.

पोरीची आई धावत आली आणि माझ्यावरच उखडली. "माह्या नवऱ्यावर हात काहून टाकला, बाई?"

"मग मर त्याच्या हातानं!" मी म्हटलं. ती पोरीला घेऊन घरी गेली. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या खेळापायी तो आता त्या लेकराचं काय करेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी. एक डोळा सुजून बंद, कडेवर पोरगी, हातात मोबाईल.

"पोलीस ठाण्यात जाऊन राहिली. येता काय?"

"काल तर माझ्यावरच ओरडलीस."

"मले वाटे, लहान हाये, हिले काई समजत नाही. मीबी न ऐकताच पाठवलं होतं, काल राती ऐकलं." तिनं मोबाईल माझ्या कानाला लावला. "तुमी बंद केलं, त्याच्या पुढचं ऐका."

किंकाळी संपली होती. पोरगी अगदी मोबाईलजवळ तोंड नेऊन बोलत होती : "आई, अजून मोठ्यानं रड ना व. बाईले ऐकू नाही येणार."