बदली पेशंट

मीरा-भाईंदरमध्ये औषधाने बरे झालेले लोक पुष्कळ असतील, पण नुसत्या ओरड्याने माणसं बरी करण्याचा मान आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचाच. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात. बाईंनी खारीगावात देवळामागची खोली मिळवली आणि दर रविवारी फुकट दवाखाना सुरू केला. पेशंट सगळे पोटासाठी लांबून आलेले: बिहारचे गवंडी, ओडिशाचे प्लंबर, नेपाळी वॉचमन. मी शेजारधर्म म्हणून एकदा बाकडी उचलायला गेलो आणि कायमचा कंपाउंडर झालो. बाई नाडी हातात घेऊन आधी विचारणार, "सुबे क्या खाया?" नुसता चहा म्हटलं की संपलंच! एका गवंड्याला त्यांनी स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ खायला लावलं आणि तो चावत असताना उपाशीपोटी ताप आणल्याबद्दल त्याची खरडपट्टी काढली. त्यांचं हिंदी ऐकून तापातला माणूसही हसायचा. "हसता है? मतलब ताकद है!" म्हणत बाई पुढच्याला बोलवायच्या.

त्यांचा खरा वैरी म्हणजे बदली पेशंट. कामावर खाडा नको म्हणून आजारी माणूस स्वतः कामावर जायचा आणि त्याचा खोकला घेऊन खोलीतला दुसराच कुणीतरी यायचा. अगदी हुबेहूब खोकून दाखवायचा. बायकांची दुखणी नवरे आणायचे. बाई अशांना हाकलून द्यायच्या. मग लोकही हुशार झाले, दुसऱ्याचं दुखणं बेधडक स्वतःचं म्हणून सांगायला लागले.

असाच एका रविवारी एक रंगारी आला. "सर फटता है, पैर सूज गए हैं, आँख के आगे अँधेरा आता है." बाईंनी त्याच्या काटकुळ्या पायांकडे पाहिलं. "किसका पाय?"

"मेरा."

"खोटं बोलतोस? चल, ऊठ!" तो उठला, पण दारातच थबकला आणि रडवेला होऊन म्हणाला, "घरवाली का है, अम्मा. आठवाँ महीना है."

बाई ओरडल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणाऱ्या बाई रक्तदाबाचं यंत्र काखेत मारून त्याच्या खोलीकडे धावत सुटल्या. तिचा रक्तदाब पाहून मला एवढंच म्हणाल्या, "अहो शेजारी, रिक्षा आणा. पळा!"

सरकारी इस्पितळात संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं एका बाकावर बसून होतो. बाईंनी रंगाऱ्याचा हात सोडला नव्हता. नर्स बाहेर आली. "मुलगी झालीय. बारीक आहे, पण दोघी ठीक आहेत." मला इतकं हायसं वाटलं की मी त्या नर्सच्याच पाया पडणार होतो. रंगारी भिंतीला टेकून हमसाहमशी रडला, आणि बाईही पदराने डोळे पुसत राहिल्या.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "हा आला म्हणून कळलं हो. आणि मी याला दारातून परत पाठवत होते. पुढच्या रविवारपासून कुणी कुणाचंही दुखणं घेऊन येऊ दे, आधी बसवून घ्यायचं." बाई आता मुलाकडे बंगळुरात असतात, वरचा फ्लॅट बंद असतो. पण रविवारी सकाळी चहा पिताना अजूनही मला उगीचच उशीर झाल्यासारखं वाटतं.