हौदावरचा दिवाण

ये, अशी माझ्याजवळ बस बघू. कागदावर बोलावतेय म्हणून काय झालं, मला लिहितानाही समोर माणूस बसलेलं लागतं. आणि आधीच सांगते, मी तुझ्यावर रागावलेली आहे. घर विकायला काढलंस, चार एजंटांना चार किल्ल्या दिल्यास आणि चौघांना चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यास म्हणं. तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, ते पण कौतुकानं. "माझी लेक हुशार, कुणाला थांग लागू देत नाय." अगं बाई, एजंटाला थांग लागू द्यायचा नाही तर त्याला घरात घेतलंसच कशाला? असली हुशारी तुझ्या मावशीनं तुझ्या आधी करून बघितली आहे. ऐक आता.

आमचं जुनं घर तू बघितलेलं आहेस. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, न्हाणी आणि संडास दोन्ही वर. घेतलं तेव्हा आमचे पाय धड होते, कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग तुझ्या काकांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय त्यांचं ऐकेनासा झाला. रोज सकाळी आमची लेक चिकलठाण्याहून गाडीवर यायची, आम्ही दोघी मिळून त्यांना एकेक पायरी चढवायचो, अंघोळ घालून पुन्हा खाली उतरवायचो, आणि ती तशीच घामाघूम ड्युटीवर पळायची. महिन्याभरात पोरगी अर्धी झाली. तेवढ्यात तिच्याच बिल्डिंगमधला, तिच्या दारासमोरचा, तळमजल्याचा फ्लॅट विकायला निघाला. मालक भला माणूस. म्हणाला, दसऱ्यापर्यंत तुमच्यासाठी थांबतो, पुढं माझ्याकडं दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे दसऱ्याच्या आत आमचं घर गेलं तर यांचं जिने चढणं सुटणार, नाही तर नाही.

एजंट लेकीनंच शोधला. मधल्या वयाचा मुसलमान माणूस, जुन्या बाजाराकडचा, निम्मं मराठी आणि निम्मं आपलं औरंगाबादी हिंदी बोलायचा. मला पहिल्या दिवसापासून मावशी आणि यांना चाचा. घरात आला की आधी बूट काढायचा, भर दुपारी सगळे दिवे लावायचा, पडदे सरकवायचा आणि मग मला समजावायचा.

"मावशी, पाहुणे आल्यावर तुम्ही फक्त हसायचं."

"बोलायचं नाही?"

"नक्को. बोलने का काम मेरा. तुमचं काम हसना."

आता तूच सांग, घरी आलेल्या माणसाशी बोलायचं नाही, हे मला जमेल का? शिवाय मला वाटायचं, देवाला स्मरून खरं ते सांगावं. तर तो पाहुण्यांना वरची खोली दाखवून म्हणायचा, "देखो, उजेड कितना है," आणि मी मागून म्हणायचे, "उजेड आहे हो, पण मे महिन्यात इथं पापड वाळवले तर भाजूनच निघतात." तो म्हणायचा शेजार एकदम शरीफ, मी म्हणायचे शरीफच आहे, पण पहाटे मिक्सर लावतात. एका बाईंना तर मी खिडकीची अडकणारी कडी कशी उघडायची ते शिकवलं. त्या बिचाऱ्या चार वेळा उघडून बघत बसल्या आणि आल्या तशा निघून गेल्या.

"मावशी," एजंट गेटापाशी हात जोडून म्हणायचा, "मैं आपका एजंट हूं या उनका?"

"तू आपल्या घरचा," मी म्हणायचे. त्यावर तो पुन्हा हात जोडायचा.

पण खरी गंमत पुढंच आहे. कड्या, पापड, मिक्सर सगळं जगाला सांगणारी मी, एक गोष्ट मात्र एजंटापासून लपवून बसले होते. हॉल पुढं वाढवला तेव्हा तुझ्या काकांनी हॉलच्या खाली हौद बांधून घेतला होता. हौद म्हणजे काय, विहीरच म्हण. आतून पांढऱ्या फरश्या लावल्या. कॉलनी हसली होती तेव्हा. लोक विचारायचे, "काका, घर बांधताय का तळं?" आणि मी पण त्यांना आयुष्यभर टोमणे मारले, की बायकोला स्वयंपाकघरात ओटा हातभर आणि पाण्याला मात्र महाल.

घर विकायचं ठरलं त्याच सुमारास माझी जाऊ यांना बघायला आली. बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि हॉलमध्ये उभी राहून बोट फिरवत म्हणाली, "नैऋत्येला पाणी. आणि त्याच्याच डोक्यावर तुम्ही माणूस झोपवता. असलं घर कोण घेईल गं?" घर विकायचं तर हा हौद कुणाच्या नजरेला पडता कामा नये, असं मी त्याच दिवशी ठरवलं. लोखंडी झाकणावर सतरंजी टाकली, सतरंजीवर दिवाण सरकवला आणि दिवाणावर तुझ्या काकांना झोपवलं. एजंटानं विचारलं, हौद? मी गेटाजवळचा बिल्डरच्या वेळचा छोटा हौद दाखवला. त्यात एक म्हैस सुद्धा नीट पाणी पिणार नाही.

यांना म्हणलं, "तोंडातून अक्षर काढायचं नाही." ज्या माणसानं पंचवीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या हौदाची फुशारकी सांगितली, त्याला मी त्याच हौदावर पाठ टेकून मुका बसवला. पाहुणे आले की ते छताकडं बघत पडून राहायचे. एक जण तर मला हळूच विचारून गेला, "काका घरासोबत आहेत का?"

आणि येणारा प्रत्येक पाहुणा काय विचारायचा? किचन केवढं, रस्ता केवढा, नाही. आपल्या गावात ते कोण विचारतं. "पाणी कितव्या दिवशी येतं? हौद केवढा?" एजंट त्यांना गेटाकडं नेऊन तो छोटा हौद दाखवायचा. ते वाकायचे, बघायचे, एकमेकांकडं बघायचे आणि म्हणायचे, कळवतो. गणपती येऊन गेले. फ्लॅटचा मालक लेकीला जिन्यात भेटला की विचारायला लागला. लेक मला विचारायची आणि मी एजंटाला.

"घर में कुछ खोट नाय मावशी," तो एक दिवस पायरीवर बसून म्हणाला. "पर पानी का जवाब नाय मेरे पास."

मी त्याला चहा दिला. जवाब त्याच्यापासून दहा पावलांवर होता आणि त्याच्यावर तुझे काका घोरत होते.

मग तो दिवस आला. शेंद्र्याला कंपनीत नोकरीला असलेला एक पोरगा, त्याची बायको आणि देवगाव रंगारीकडची त्याची आई, असे तिघं बघायला आले. आई नऊवारीतली, बोलायला खणखणीत. ते आत आले, बसले, आणि नेमका तेवढ्यात नळ आला. नऊ दिवसांनी. गल्लीत एकच आरडाओरडा, पाइप ओढायचे आवाज. आपल्याकडं तर नळ आला की पाणी सरळ हौदात पडायचं, पण भरला का ते झाकण उघडूनच बघायला लागायचं. झाकण दिवाणाखाली, दिवाणावर हे. स्वयंपाकघरातला कॉक बंद करावा तर पुढचे नऊ दिवस काय प्यायचं? चालू ठेवावा तर ऐकू येणार. मी चालू ठेवला आणि येऊन हसत बसले, एजंटानं शिकवल्यासारखी.

खालून आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग चांगलाच. गुडगुड, घळघळ. तिघं पाहुणे दिवाणाकडं बघायला लागले. एजंटही बघायला लागला.

"हे काय वाजतंय?" सुनेनं विचारलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणलं, "यांचं पोट. झटक्यापासून जरा बिघडलेलं असतं."

तुझ्या काकांनी माझ्याकडं बघितलं, ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण माणूस वचनाचा पक्का. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"लई आवाज हाय," म्हातारी म्हणाली. "ओवा द्या त्यास्नी."

"देते की, रोज देते."

आवाज वाढतच चालला. एजंट बोलत होता, उजेड, शेजार, रस्ता, पण ऐकत कुणी नव्हतं. सगळे यांच्या पोटाकडं कान लावून बसलेले. पोरगा म्हणाला, डॉक्टरला दाखवलंत का, आमच्या कंपनीची गाडी आहे बाहेर. मी म्हणलं, थांबेल आपोआप. आणि खरंच आवाज थांबत आला. मी सुटकेचा श्वास घेतला, तेवढ्यात हे डोळे न उघडता म्हणाले,

"भरला."

दिवाणाखालून पाणी आलं. सतरंजी भिजली, यांच्या चपला तरंगत म्हातारीच्या पायापाशी जाऊन थांबल्या. मी धावत जाऊन कॉक बंद केला. म्हातारीनं चप्पल उचलली, पाणी बोटाला लावून बघितलं आणि उठून पदर खोचला.

"सरकव रं," ती लेकाला म्हणाली.

पोरानं आणि एजंटानं दिवाण ढकलला. हे वर तसेच बसलेले, वरातीतल्या नवरदेवासारखे हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेले. सतरंजी ओढली, झाकण उचललं, म्हातारी गुडघ्यावर बसली. सुनेनं मोबाइलचा उजेड धरला. काठोकाठ पाणी आणि खाली पांढऱ्या फरश्या.

"फरशा," म्हातारी म्हणाली. "हौदात. आमच्या मोरीला नायत."

खोली किती म्हणून तिनं यांची ॲल्युमिनियमची काठी आत सोडली. काठी मुठीपर्यंत गेली, तळ लागला नाही, आणि मग हातातून निसटून गेलीच. मोबाइलच्या उजेडात तळाशी चमकत होती.

मग तुझ्या काकांना कोण अडवणार? मी मानेनं नको-नको करतेय आणि हे दिवाणावरून बोलतायत. रेती कुठून आणली, गवंड्याला सिमेंट कमी घालू नको म्हणून कसं दटावलं, फरश्या कशा निवडल्या. तीन महिने कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. तिघं हौदाभोवती मांडी घालून ऐकत होते. वरच्या खोल्या त्यांनी बघितल्याच नाहीत. किचन मी आपणहून दाखवायला गेले तर सून म्हणाली, "राहू द्या काकू, असेलच."

एजंट मला हळूच स्वयंपाकघरात घेऊन गेला. रागावला नव्हता, दुखावला होता.

"मावशी, ये हौद मेरेको पहले दिन कायको नाय दाखवला?"

"दिशा वाईट आहे रे. नैऋत्य. घर जाणार नाही असं वाटलं."

"वो मेरेको बोलना था ना. गिऱ्हाईकाला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते मी बघतो. तुम्ही उलटं केलं. उनको सब बताया, मुझसे छुपाया. तीन महिने मैं कोरडा घर बेच रहा था."

त्याचं बरोबर होतं. म्हणलं, "आता लपव बाबा, झाकण टाक." तर तो सरळ बाहेर गेला आणि हौदाकाठी बसून म्हणाला, "अम्मा, एक बात आत्ताच सांगतो, नंतर कटकट नक्को. हा हौद नैऋत्येला आहे. पटत असेल तर पुढं बोलू."

दसरा, फ्लॅट, पायऱ्या, सगळं डोळ्यांपुढं नाचलं.

म्हातारी पाण्याकडंच बघत होती. "आमच्या भाड्याच्या घराला ईशान्येला हौद हाय," ती म्हणाली. "बामनाला विचारून खांदल्याला. त्यात पाल ऱ्हाती."

"दोन पाली, आई," सून म्हणाली.

"व्हय, दोन. पिल्लं बी झाली असत्याल."

झालं, तिथंच हौदाच्या काठावर बसून बोलणी झाली. मला मात्र एजंटानं चहा करायला पाठवलं, आणि या खेपेला मी गेले. आतून ऐकत होते. त्या पोरानं भाव पाडायला तोंड उघडलं की एजंट काही न बोलता उठायचा आणि मोटारीचं बटण दाबायचा. वरची टाकी भरायला लागायची. तो आवाज ऐकत ते माय-लेक गप्प व्हायचे. मग बटण बंद, पुन्हा बोलणी. चहा होईस्तोवर वरची टाकी वाहायला लागली होती.

काठीचं काय, असं सुनेनं निघताना विचारलं. "काठी घर के साथ," एजंट म्हणाला. यांना त्यानं दुसऱ्या दिवशी नवी आणून दिली.

त्यानंतर मी त्याला सगळं सांगत गेले. फ्लॅटच्या मालकानं दसऱ्याची मुदत घातली आहे हेही सांगितलं, ते आधी आमची अडचण कळू नये म्हणून दडवलेलं. ते ऐकल्यावर त्यानं कपाळाला हात लावला आणि दोन्हीकडचे कागद एकाच आठवड्यात बसवले. फ्लॅटच्या मालकाला स्वतः जाऊन भेटला, म्हातारीला स्वतः समजावलं. दसऱ्याच्या आधी आम्ही सामान घेऊन इकडं आलो.

आता कसं आहे सांगू? लेक सकाळी दात घासत घासत समोरच्या दारातून येते, तोंडात ब्रश तसाच. यांना हाताला धरून न्हाणीत बसवते. एकही पायरी नाही. दोन मिनिटांत परत जाते, चूळ तिच्या घरी भरते. परवा हे एकटेच भिंत धरून तिच्या दारापर्यंत गेले आणि बेल वाजवून म्हणाले, "काही नाही, सहज आलो." लेक दारात उभी राहून रडायला लागली, आणि ब्रशच्या फेसामुळं आम्हाला वाटलं तिला काहीतरी झालं.

तेव्हा पोरी, उद्या त्या चौघांतला तुला जो बरा वाटतो त्याला बोलाव, चहा दे आणि भिंतीची ओल, तुझ्या धाकट्या दिराची अडलेली सही, तुला कधीपर्यंत आणि कशासाठी निघायचंय, सगळं त्याच्यापुढं ठेव. बाकीच्या तिघांकडून किल्ल्या मागून घे. आणि हे उरकलं की लगेच इकडं ये. नवं घर तू अजून बघितलेलं नाहीस, काका रोज विचारतात. विमानतळ जवळच आहे, विमानं डोक्यावरून जातात, घाबरू नको, बोलणं तेवढं थांबवायचं, मग पुन्हा सुरू करायचं. तासाभरासाठी येऊ नको, मुक्कामाला ये. या रविवारीच ये.