डाव्या हाताचा विळा

मी डावखुरी. माहेरी हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही, पण घरात भावंडं इतकी की कोण कुठल्या हातानं काय करतंय हे बघायला कुणाला सवडच नव्हती. साठच्या दशकात लग्न होऊन कशेळ्याच्या अलीकडच्या एका गावात आले आणि पहिल्याच भातकापणीत माझं बिंग फुटलं.

भात कापायच्या विळ्याला बारीक दाते असतात आणि ते एकाच अंगाला पाडलेले असतात. उजव्या हातात धरला की दाते भाताच्या बाजूला येतात आणि विळा करकर कापत जातो. डाव्या हातात धरला की दाते पलीकडे आणि विळा भाताला नुसता कुरवाळतो. मी अर्धा दिवस भात कुरवाळलं. त्यात आम्ही बायका ओळीनं वाकून कापायचो, प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे कापत जायचा पट्टा. माझं डावं कोपर शेजारी कापणाऱ्या मोठ्या जाऊबाईंच्या उजव्या कोपराला लागायचं, आणि दोघींच्या हातात विळे. तिसऱ्यांदा कोपर लागलं तेव्हा जाऊबाई शिवारभर ऐकू जाईल अशा ओरडल्या, "आगं आयो, ही भात सोडून मलाच कापतेय!"

सासूबाईंनी मला हाक मारली. "तू घरी जा. भाकऱ्या कर."

भाकऱ्या करण्यात कमीपणा नाही, पण मला तो हुकूम फार लागला. आमच्या घरात बायकांना एरवी बोलायला वेळच नसायचा. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाची सून कशी चालते, सगळं साठवून ठेवलेलं त्या पातीत बाहेर यायचं. संध्याकाळी सगळ्या हसत हसत घरी यायच्या आणि मी चुलीपाशी, सोबतीला सासरे. सासरे भले माणूस, पण ठार बहिरे. मला त्या पातीत जागा हवी होती. बाकी नवऱ्याकडे मी साडीसुद्धा मागितली नव्हती.

पुढच्या दसऱ्याआधी मी त्याच्या मागे लागले, मला डाव्या हाताचा विळा करून हवा. त्यानं ते आईच्या कानावर घातलं. सासूबाई लगेच तयार झाल्या. सुनेचं मन वगैरे राखायला नव्हे, कापणीला दोन हात कमी पडत होते म्हणून.

आमचा लोहार कशेळ्याच्या बाजाराच्या टोकाला बसायचा. भट्टीला भाता मारायला त्याची बायको. दोघं दिवसभर भांडत आणि काम करत. सासूबाई मला घेऊन त्याच्याकडे गेल्या. आमचं म्हणणं ऐकून लोहार हातोडा खाली ठेवून हसला.

"वयनी, डाव्या पायाची चप्पल असती. डाव्या हाताचा इळा नसतो."

"नसतो म्हून तर करायचाय," सासूबाई म्हणाल्या.

हे त्याला झोंबलं. त्यानं माझी मूठ बघितली, मला गवताची पेंढी धरायला लावली, कुठल्या अंगाला दाते पाहिजेत ते राखेत काढून दाखवलं. अगदी बरोबर दाखवलं. मी खूश.

विळा आला. बांधावरच्या गवतावर चालवला तर पुन्हा कुरवाळणं. सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, आपल्या उजव्या हातानं सपासप गवत कापलं आणि म्हणाल्या, "इळा झाक हाय. तुजा हातच वाकडा." नवरा विळा परत घेऊन गेला. लोहारानं तो घासून पुन्हा दाते पाडून दिले. पुन्हा तेच. घासून घासून विळा बारीक व्हायला लागला आणि कापणी तोंडावर आली. तेव्हा मी म्हटलं, या वेळी विळा आणायला मी स्वतः येणार. सासूबाई पहारा द्यायला बरोबर निघाल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा लोहारानं नुकतेच दाते पाडून, तापवून विळ्याला पाणी दिलं होतं. आपल्या हातानं चालवून बघितल्याशिवाय विळा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, ही त्याची रीत. सगळ्या बाजारात त्याचं नाव त्यावरच होतं. त्यानं पेंढी डाव्या हातात धरली, विळा उजव्या हातात घेतला आणि ओढला. गवत हललंसुद्धा नाही. त्याचं तोंड उतरलं.

"परत बिघाडला ह्यो," असं पुटपुटत त्यानं दाते घासून टाकायला कानस उचलली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस दर वेळी विळा बरोबर करत होता आणि दर वेळी तो दुरुस्त करून माझ्याकडे पाठवत होता!

"अवो थांबा!" मी भर बाजारात ओरडले. सासूबाईंनी मला चिमटा काढला.

भात्यामागून लोहाराची बायको म्हणाली, "दोन येळा सांगितलं, उजव्या हातानं बघू नका. माजं ऐकतंय कोण?"

"जल्मभर ह्याच हातानं बघत आलोय मी!"

"मग आज डाव्यानं बघा."

आता बाजारातली माणसं जमली. लोहारानं इरेला पेटून विळा डाव्या हातात घेतला. त्या हाताला सवय कसली? पेंढी उजव्या हातातून सुटली, विळा सुटला तो थेट त्याच्याच धोतराला भिडला आणि धोतराचा सोगा सफाईनं कापला जाऊन खाली पडला.

"कापतो की वो!" बायको म्हणाली. मी पदर तोंडात कोंबून हसले. सासूबाईंना पदर कोंबायचं सुचलंच नाही, त्या मोकळ्या हसल्या. मग मी पेंढी धरली आणि एका ओढीत दोन तुकडे केले. लोहार धोतर सावरत म्हणाला, "इळ्यात खोट नव्हतीच."

कापणी सुरू झाली. विळा झकास चालला, पण कोपराचं काय? जाऊबाई मला बघूनच चार हात लांब सरकल्या. ओळीत कुठंही शिरले तरी डावीकडे कुणीतरी असणारच; डाव्या कोपराला मोकळी जागा फक्त डावीकडच्या बांधालगतच्या पातीत होती, आणि ती पात सासूबाईंची. घरच्या मोठीनं बांधालगत राहायचं आणि तिथून सगळ्यांवर नजर ठेवायची, असंच चालत आलेलं. ती पात मागायची हिंमत कुणात होती? मी विळा घेऊन नुसती उभी राहिले. आता भाकऱ्याच, असं वाटून डोळे भरून आले.

सासूबाईंनी वर बघितलं. कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या, बांध सोडून एक पात आत सरकल्या आणि मला म्हणाल्या, "बघतेस काय? लाग तिथं."

मी लागले. वर्षभराची हौस होती, विळा सुसाट सुटला. बघता बघता मी सगळ्यांच्या पुढे गेले. मागून सासूबाईंची हाक आली.

"हळू काप गं. मला तुज्याशी बोलायचं हाय."