आईनं पहाटेच दाणे टाकले

कबुतरवाले मित्रहो, आज सकाळी कोहक्याच्या आमच्या गच्चीवर जे झालं ते सांगतो.

माझी आठ पिल्लं पहिल्या रेससाठी तयार होऊन राहिली आहेत. रेसमध्ये पाखरू नुसतं घरावर पोचून चालत नाही, ढाबळीच्या आत शिरलं की मगच टाइम धरतात. म्हणून पिल्लायले उपाशी उडवायचं अन् दाण्याचा डबा वाजवून आत बोलवायचं. महिनाभर हेच करून राहिलो.

आज डबा वाजवला तर एकही आत येईना. सगळी शेजारच्या पाण्याच्या टाकीवर आरामात बसलेली.

आई वर आली. म्हणाली, "कावून वाजवून राहिला? मी त्यायले पहाटेच चारलं. उपाशी पोटी कोणी लेकरायले बाहेर धाडते का?"

बाबा प्लांटात फर्स्ट शिफ्टले जायचे, तेव्हाही ती त्यायले खाल्ल्याबिगर निघू देत नव्हती.

ती खाली गेली. मी डबा वाजवतच राहिलो. मग शिकरा आला अन् टाकीवरून आठातल्या एकुलत्या पांढऱ्या पिल्लाले, पांढरीले, उचलून घेऊन गेला.

बाकीची सात धडाधड आत शिरली. इतक्या लवकर ती कधीच आली नव्हती. मी सवयीनं घड्याळ पाहिलं.

जेवताना आईनं विचारलं, "आले का सगळे?" मी हो म्हटलं अन् दोन पोळ्या खाल्ल्या.

उद्या सकाळी ढाबळ झाडायले तीच वर जाणार. पांढरी तिच्याच हातावर बसायची. तुम्ही असते तर आज रात्री तिले काय सांगितलं असतं?